चोवीस लाख स्मिथ, तेरा हजार भाते

अमेरिकेत कुठलीही ८४ माणसं एका खोलीत जमवा. गाव विचारू नका, धंदा विचारू नका. नुसती ‘अहो स्मिथ’ अशी हाक मारा. कुणाची तरी मान वळेल, याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त आहे. माणसं २७८ जमवलीत तर हीच शक्यता नव्वद टक्क्यांवर जाते. आपल्याकडे जिवाला चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा सांगितला आहे. स्मिथ भेटायला नुसती चौऱ्यांशी माणसं पुरतात.

हे गणित २०१०च्या अमेरिकी जनगणनेवरचं आहे. त्या गणनेत स्मिथ आडनावाची माणसं भरली २४,४२,९७७. लाखात ८२८, म्हणजे दर १२१ माणसांमागे एक. दुसऱ्या क्रमांकाचे जॉन्सन १९,३२,८१२. तब्बल पाच लाखांनी मागे. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक स्मिथचा, ऑस्ट्रेलियातही त्याचाच.

चोवीस लाख हा आकडा वाचून होतो, डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून या मंडळींना रांगेत उभं करू. माणशी अर्धा मीटर जागा दिली तर रांग होते १,२२१ किलोमीटरची. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून रांग लावत निघालो तर नागपूर येईल, रस्ता संपेल, पण स्मिथ संपणार नाहीत. उरलेल्यांना तिथून माघारी वळवलं, तर शेवटचा स्मिथ शिर्डीजवळ येऊन उभा राहील. या रांगेची हजेरी घ्यायची ठरवली आणि सेकंदाला एक नाव पुकारलं, तर जेवणखाण आणि झोप सोडून २८ दिवस आणि साडेसहा तास लागतील.

आता त्या रांगेत शेजारीशेजारी उभ्या असलेल्या कुणाही दोघांना विचारा, ‘तुम्ही एकमेकांचे कोण?’ जवळजवळ नेहमी उत्तर येईल, कुणी नाही. या आकड्यातलं खरं नवल ते आहे. एवढी संख्या एका घराण्याचा वेल मांडवावर जाऊन झालेली नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो माणसांना, हजारो गावांत, एकच शब्द चिकटला आणि त्यातून ती झाली.

शब्द आधी, आडनाव मागाहून

‘स्मिथ’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द. अर्थ, धातू घडवणारा. घाव घालणे या अर्थाच्या ‘स्माइट’ या क्रियापदाशी त्याचं नातं जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण ती कानाची फसगत आहे. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी. साध्या ‘स्मिथ’चा रोख बहुतेक वेळा लोहाराकडे असे. सोनार, कुलूपवाला, बाणांची टोकं घडवणारा यांच्यासाठी पुढे शब्द जोडून वेगळी नावं होती, आणि त्यांतली काही आडनावं म्हणून टिकलीही. ॲरोस्मिथ म्हणजे बाणवाला. सिक्सस्मिथ ऐकून सहाचा आकडा आठवतो, पण त्यात दडलाय तो विळा. नेस्मिथ म्हणजे सुऱ्या घडवणारा. १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ हे या सुरीवाल्यांच्या आडनावाचे.

जुन्यातल्या जुन्या नोंदींपैकी एक इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरहॅम परगण्यातली. साल सुमारे ९७५, नाव एकेआर्ड स्मिथ. पण हे अजून आडनाव नव्हतं. एकेआर्ड लोहारकाम करायचा म्हणून तो स्मिथ. त्याचा मुलगा मेंढरं राखू लागला असता तर त्याला कुणी स्मिथ म्हटलं नसतं. बापाचा धंदा सुटला तरी बापाचा शब्द सुटत नाही, त्या दिवशी आडनाव जन्माला येतं. आणि इंग्लंडमध्ये तो दिवस यायला आणखी तीन-चार शतकं लागली.

त्याला कारण झाले कारकून. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नावांचा मोठा दुष्काळ होता. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस एवढ्या मोजक्या नावांत निम्म्याहून अधिक पुरुष उरकत. अशात १३७७, १३७९ आणि १३८१ या तीन सालांत राजाने डोईपट्टी बसवली. पट्टी वसूल करायची तर यादी हवी, आणि यादीत एकाच गावातले पाच जॉन कसे लिहिणार? मग कुणापुढे बापाचं नाव आलं, कुणापुढे टेकडीचं किंवा ओढ्याचं, कुणापुढे रंगरूपाचं आणि कुणापुढे धंद्याचं. बऱ्याच याद्या लॅटिनमध्ये असत. तिथे लोहाराला ‘फाबेर’ लिहीत. बोलताना स्मिथ, कागदावर फाबेर. कागद धूळ खात पडले, बोलण्यातला शब्द पुढे चालत राहिला.

प्रत्येक गावात एक

मग सुतार, गवंडी, खाटीक, विणकर मागे का पडले? लोहारच पुढे का?

१०८६ साली विल्यम राजाने इंग्लंडची जी प्रसिद्ध मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात १३,४१८ ठिकाणांची नावं आहेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक भाता होता असं घटकाभर धरून चालू. कारण त्याच्याशिवाय गावाचा दिवसच उजाडत नसे. नांगराला फाळ हवा, कापणीला विळा हवा, घोड्याला नाल, दाराला बिजागरी, वाशाला खिळा. सुताराची पटाशी आणि खाटकाचा सुराही शेवटी लोहाराच्याच ऐरणीवरून येणार. विणकर शेजारच्या गावात असला तरी भागतं. फाळ मोडला की लोहार हाकेच्या अंतरावर लागतो. शिवाय लहान गावात तो एकटाच. गावात दहा शेतकरी असतील तर ‘शेतकरी जॉन’ म्हणून काय कळणार? ‘लोहार जॉन’ म्हटलं की बोट नेमकं एका दारावर पडतं.

मराठी वाचकाला हे समजायला इंग्लंडला जायला नको. आपल्याकडे पाटील इतके का, याचं उत्तर हेच आहे. गाव तिथे पाटील, गाव तिथे कुलकर्णी. कोल्हापूरचे पाटील आणि जळगावचे पाटील एकमेकांचे कुणी लागत नाहीत, अनेकदा जातीनेही वेगळे असतात. दोघांच्या पूर्वजांकडे एकच वतन होतं, इतकंच. बारा बलुतेदारांतला आपला लोहारही आडनाव होऊन बसला आहे. फरक एवढाच, की इथे लोहार म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात जात लिहून मोकळा होतो. तिकडच्या स्मिथवरून आज बँकवाला, डॉक्टर, पाद्री की क्रिकेटपटू, काही म्हणता काही ओळखता येत नाही.

भाता सगळीकडे होता, त्यामुळे हे आडनावही सगळीकडे आहे. जर्मनीत श्मिट, हॉलंडात स्मिट, पोलंडात कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव्ह, फ्रान्समध्ये लफेव्र, इटलीत फेरारी, अरबीत हद्दाद. जर्मनी, पोलंड, हंगेरी या तिन्ही देशांत लोहाराचं आडनाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. फेरारी गाडीची किंमत ऐकून ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी मनातल्या मनात ‘लोहारांची गाडी’ म्हणून पाहावं. आपल्या गोव्यातही त्याचा एक दूरचा पाहुणा आहे. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्यासोबत जी आडनावं गोव्यात आली त्यांत फरेरा आहे. त्याच्या पोटात लॅटिनमधलं लोखंडच आहे, म्हणजे लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेली जागा.

दोन लाख त्रेपन्न हजार सहाशे

१८५३ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या आडनावांचा सरकारी अंदाज काढला गेला. लोकसंख्या एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांच्या आसपास. त्यात स्मिथ निघाले २,५३,६००. दर ७३ माणसांमागे एक. आजच्या अमेरिकेपेक्षा तिथली स्मिथांची दाटी कितीतरी जास्त होती. त्यांच्या पाठोपाठ जोन्स, २,४२,१००. जेमतेम साडेअकरा हजारांनी कमी. जोन्सना एवढं बळ दिलं ते वेल्सने. तिथे बापाचं नाव मागे लावण्याची रीत बराच काळ टिकली, आणि जॉन नावाचे बाप पैशाला पासरी होते. स्मिथ आणि जोन्स यांची बेरीज केली तर देशातला दर सदतिसावा माणूस या दोहोंपैकी एक होता.

आता ते २,५३,६०० स्मिथ डूम्सडेच्या १३,४१८ ठिकाणांवर सारखे वाटून पाहा. एका भात्याच्या वाट्याला येतात १९ माणसं, म्हणजे तीन-चार घरं. आपल्याला जो वटवृक्ष वाटत होता, तो जवळून पाहिला की झुडपांचं रान निघतं.

ही नुसती वाटणी झाली. पुरावा रक्तात सापडला. बापाकडून मुलाकडे दोन गोष्टी जातात, आडनाव आणि वाय गुणसूत्र. आडनावाचा मूळ पुरुष एकच असेल तर त्या आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं जुळायला हवीत. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची अशी तपासणी केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात सुमारे ८७ टक्के पुरुषांचं गुणसूत्र एकाच वळणाचं निघालं. मागे कुठे तरी सगळ्यांचा एकच खापरपणजोबा बसलेला. आणि स्मिथ? दोन स्मिथांची गुणसूत्रं जुळण्याची शक्यता रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाही दोन ब्रिटिश पुरुषांपेक्षा जास्त नव्हती. आडनाव दुर्मीळ असेल तर ते पत्ता सांगतं. स्मिथ फक्त देश सांगतो.

आडनावं मरतात कशी

आडनावं जन्मतात तशी मरतातही. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टनने एक कोडं घातलं: मोठमोठी घराणी नामशेष होतात ती कशामुळे? हेन्री वॉटसन या गणित जाणणाऱ्या पाद्र्याने उत्तराची रीत शोधली आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून ती मांडली. त्याचं सार असं, की घराणं बुडायला शापही लागत नाही आणि दुर्गुणही लागत नाही. नुसता योगायोग पुरतो.

समजा, प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक मुलगा मोठा होतो. नशिबाने कुणाला तीन, कुणाला एकही नाही. सरासरी एक म्हणजे लोकसंख्या स्थिर. तरीही २५ पिढ्यांनंतर एका मूळ पुरुषाचं आडनाव टिकून असण्याची शक्यता उरते शंभरात सुमारे सात. त्र्याण्णव घराण्यांत मधेच कुठे तरी फक्त मुली होतात, मुलं दगावतात किंवा कुणी लग्नच करत नाही, आणि पाटी पुसली जाते. ज्या आडनावाची सुरुवात एकाच दारातून झाली त्याच्यासाठी हे त्र्याण्णव टक्के म्हणजे मरणच. पण ज्याची सुरुवात १३,४१८ दारांतून झाली त्याचं काय बिघडणार? त्यातली जवळजवळ साडेबारा हजार दारं बंद झाली तरी साडेनऊशेच्या आसपास उघडी राहतात. अमरपट्टा स्मिथ घराण्याला मिळालेला नाही. स्मिथ या शब्दाला मिळाला आहे.

याच २५ पिढ्या उलट्या मोजल्या तर डोकं आणखी गरगरतं. आजच्या कुणाही इंग्रज स्मिथला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असं दुप्पट करत पंचविसाव्या पायरीला पोचलं की पूर्वजांच्या जागा होतात ३,३५,५४,४३२. काळाच्या हिशेबाने तिथे साधारण चौदावं शतक लागतं, आणि त्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या इंग्लंडची लोकसंख्याच ४० ते ६० लाख असावी असा अंदाज आहे. म्हणजे तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागांवर येऊन बसतात. त्या सव्वातीन कोटींहून अधिक खुर्च्यांपैकी लोहार होता तो एका खुर्चीवरचा. बाकीच्या खुर्च्यांवर शेतकरी, दायी, चोर, जोगिणी, धनगर कोण कोण असेल. आडनाव मात्र त्या एकट्याचं आलं.

समुद्रापलीकडचे

अमेरिकेतला चोवीस लाखांचा आकडा एकट्या इंग्लंडच्या रक्ताने फुगलेला नाही. जर्मन श्मिटांपैकी कित्येकांनी तिथे रुळताना, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नाव सांगणं अवघड झालं तेव्हा तर फारच, आपलं स्मिथ करून घेतलं. लोहाराचा लोहारच राहिला, फक्त भाषा बदलली.

दुसरी भर वेदनेची आहे. १८६० च्या अमेरिकी गणनेत ३९,५३,७६० माणसं गुलाम म्हणून मोजलेली होती. १८६५ मध्ये ती मुक्त झाली, आणि सरकारदरबारी पूर्ण नाव लिहिण्याची वेळ त्यांच्यातल्या बहुतेकांवर पहिल्यांदाच आली. काहींनी मालकाचं आडनाव ठेवलं, काहींनी मुद्दाम दुसरं निवडलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या स्मिथांपैकी सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय होते, म्हणजे साडेपाच लाखांहून जास्त. १८५३ सालच्या साऱ्या इंग्लंड-वेल्समध्ये जेवढे स्मिथ होते, त्यांच्या दुप्पट.

तरीही हे सिंहासन डळमळतंय. २००० साली अमेरिकेत २३,७६,२०६ स्मिथ होते. दहा वर्षांत वाढले ६६,७७१. पण लाखातलं प्रमाण ८८१ वरून ८२८ वर घसरलं. त्याच दहा वर्षांत गार्सिया ८,५८,२८९ वरून ११,६६,१२० वर गेले, म्हणजे छत्तीस टक्के वाढ. आणि जगाच्या पंक्तीत बसवलं तर स्मिथ अगदीच लहान दिसतो. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या गणनेत एकट्या किम आडनावाची माणसं होती १,०६,८९,९५९. दर पाच माणसांत एकाहून जास्त. चीनमध्ये वांग आडनावाचे लोक दहा कोटींच्या घरात आहेत. उलट अमेरिकेत वेगवेगळी आडनावंच ६३ लाखांच्या आसपास नोंदली गेली, आणि त्यांतली शंभर किंवा जास्त माणसांची फक्त १,६२,२५३. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी तर अवघी अकरा. त्या महासागरात स्मिथ अव्वल आहे, यातच त्याची शान.

लोखंड पाठ सोडत नाही

गंमत म्हणजे, धंदा सुटून पाचशे वर्षं झाली तरी लोखंड काही स्मिथांना सोडत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये अर्थशास्त्राचा पाया घातला तो टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण देऊन. टाचणीचं काम अठरा टप्प्यांत वाटलं की दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या काढतात. एकेकट्याने केलं तर दिवसाला वीसही होणार नाहीत. लोहार आडनावाच्या माणसाने एकट्या लोहाराची सद्दी संपल्याचं जाहीर केलं, ते असं. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या सांगाड्यात सुमारे ३० लाख रिव्हेट ठोकले होते, म्हणजे अमेरिकेतल्या प्रत्येक स्मिथला एक देऊनही लाखो उरले असते. त्या बोटीचा कप्तान होता एडवर्ड जॉन स्मिथ.

संख्येच्या जोरावर सत्ता मात्र आली नाही. ब्रिटनमध्ये १७२१ पासून पंतप्रधान मोजतात; त्यांत एकही स्मिथ नाही. पुस्तकविक्रेत्यांच्या घरातला विल्यम हेन्री स्मिथ १८८७ मध्ये खजिन्याचा प्रमुख झाला. हे पद एरवी पंतप्रधानाकडेच असतं, पण तेव्हा पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी होते. अमेरिकेत अल स्मिथ १९२८ साली अध्यक्षपदाला उभे राहिले आणि हूव्हरकडून हरले. उलट ज्याला ओळख लपवायची आहे त्याला हे आडनाव फार सोयीचं. लॉजच्या वहीत खोटं नाव लिहिणाऱ्या जोडप्यांची ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ ही इंग्रजीतली ठरलेली थट्टा आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ मध्ये चेहरा हरवलेल्या माणसाची कादंबरी लिहिली, तेव्हा नायकाचं आडनाव स्मिथच ठेवलं.

आणि एक स्मिथ आपल्या मुलखातला. खरं तर दोन. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, तेव्हा समोरच्या इंग्रज फौजेचा सेनापती होता लायोनेल स्मिथ. त्यानंतर चौदा महिन्यांनी मद्रासच्या सैन्यातला एक अधिकारी वाघाच्या शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि झाडोऱ्यात बुजलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव कोरलं, जॉन स्मिथ, आणि तारीख घातली, २८ एप्रिल १८१९. तेव्हा लेण्यात पाच फूट राडारोडा साचलेला होता, तो त्यावर उभा होता. राडा उपसला गेला आणि नाव राहिलं उंचावर. आज ते शोधायला मान वर करावी लागते.

इंग्रजीत याहून सामान्य दोन शब्द जोडून सापडणं कठीण. नुसते तेवढेच लिहिले असते तर लाखो जॉन स्मिथांमधला हा कोणता, हे कुणाला सांगता आलं नसतं. तारखेने त्याला वाचवलं. आणि ती अक्षरं ओरखडायला त्याने जे काही टोकदार हाताशी घेतलं असेल, ते बहुधा लोखंडाचं होतं; कुठल्या तरी गावच्या लोहाराने घडवलेलं, ज्याचं नाव कुणीच कुठे लिहिलं नाही.